अण्णांच्या गच्चीचा ढाळ

मे महिना अर्धा सरला की आमच्या रत्नागिरीत माणसं बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत, वर बघतात. आधी आभाळाकडे, मग स्वतःच्या छपराकडे. आगोट आली म्हणायची. पाऊस अजून यायचा असतो, पण त्याच्या आधीची धांदल सुरू झालेली असते. कौलं चाळून घ्या, लाकडं आत टाका, मीठ-मिरची-सुकी मासळी भरून ठेवा, पडवीला झावळ्यांचे झाप बांधा. आता आमच्या आळीत कौलं उरली नाहीत आणि झाप विणणाऱ्या बायकाही नाहीत, पण मान वर करायची सवय काही गेलेली नाही. मी तर गेली पस्तीस वर्षं आगोट आली की माझ्या छताकडे बघायची आणि छत माझ्याकडे. उभा दावा होता आमचा. यंदा तो मिटला, आणि कसा मिटला ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमचं घर सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. साठ वर्षांपूर्वी तिथं कोल्हे ओरडायचे. सगळं गाव खाली, नारळी-पोफळीच्या सावलीत, उतरत्या कौलांखाली सुखाने नांदत होतं आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वर जाऊन घर बांधायला घेतलं. अण्णा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. लोकांचे पूल आणि मोऱ्या बांधून बांधून त्यांचे हात शिवशिवत असणार. घर कसलं? तर सपाट गच्चीचं! पुढे खांबाशिवाय अधांतरी निघालेला लांबच लांब छज्जा. व्हरांड्याची एक बाजू अर्धगोल. जिन्यापाशी बोटीला असते तशी गोल खिडकी. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, पण गिलावा न करता उघड्या ठेवलेल्या, नुसत्या दरजा भरलेल्या. आणि व्हरांड्याला सिमेंटची जाळी, पानाच्या आकाराची, ते पान अण्णांनी स्वतः कागदावर काढून त्याचा लाकडी साचा करून घेतला होता. गावात म्हणायचे, "ओव्हरसियरांचं घर पुरं कधी व्हायचं? गिलावा राहिलाय, छप्पर राहिलंय." आई बिचारी लाजायची. अण्णा म्हणायचे, "हे नव्या जमान्याचं घर आहे. त्याला झाकून ठेवायची गरज नाही."

त्या आगोटीची मला आजही लख्ख आठवण आहे. मी सात वर्षांची, माझा थोरला भाऊ, दादा, अकराचा. सलॅब पावसाआधी पडायलाच हवी होती. 'स्लॅब' आता म्हणायचं, तेव्हा सगळे सलॅबच म्हणत. पहाटे उजाडताच कामाला सुरुवात झाली आणि दिवस मावळेपर्यंत घमेली हातातून हातात वर चढत होती. मध्ये थांबायचं नाही, सांधा राहतो. आईने चाळीस माणसांचा भात आणि बांगड्याचं तिखलं तीन दगडांच्या चुलीवर रांधलं होतं. माणसं पाळीपाळीने उतरायची, जेवायची, हात धुवून परत शिडीवर. अण्णांनी दिवसभर पाण्याखेरीज काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आमची पाळी. ताज्या सलॅबवर मातीचे बोटबोट उंच बांध घालून चौकोन केले होते, भाताच्या खाचरासारखे, आणि त्यांत पाणी भरायचं. एकही चौकोन सुकता कामा नये. वैशाखाचं ऊन, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, आणि आम्ही भावंडं डालड्याच्या डब्यांनी ते पाणी वर नेतोय! खालच्या वाडीतल्या बायका कपाळाला हात लावायच्या. "इथे प्यायला नाय आणि ओव्हरसियर डोक्यावर शेती करतोय!"

मग पाऊस लागला. सगळं गाव छत्र्या घेऊन बघायला आलं. आता पडेल, मग पडेल. गच्चीच्या दोन कोपऱ्यांतल्या पन्हळींतून पाणी असं काही उडालं की अंगणात खड्डे पडले. आईने स्टुलावर चढून छताला तळवा लावला. कोरडा! तिने तो तळवा खाली आलेल्या शेजारणींच्या गालांना लावून दाखवला. माझी आई, जी चारचौघांत आवाज काढायची नाही, ती त्या दिवशी हसत होती आणि रडत होती.

त्या घराचं मला फार कौतुक होतं. अजून आहे, आणि ते लपवायला मी काय कोणाची मिंधी नाही. वरून येणारं वारं जाळीतून गाळून येतं. मे महिन्यात दुपारी मोझाइकच्या फरशीवर नुसतं पालथं पडलं तरी जीव थंड होतो. ती फरशी दोन माणसांनी पंधरा दिवस दगडाने घासली होती, लाल, काळ्या आणि साईच्या रंगाच्या कपच्या अजून डोळे वटारून बघतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्मभर नोकरी केली, लग्न केलं नाही, आई-अण्णांची दोघांचीही शेवटची आजारपणं ह्याच घरात काढली. हे घर माझं माणूस आहे.

पण गळायला लागलं.

घर पंचवीस वर्षांचं झालं असेल तेव्हा. अण्णा गेले, त्यानंतर तीन-चार पावसाळ्यांत छताला ओल आली, मग थेंब, मग धारा. मधल्या खोलीत बादली, पलंगाखाली परात. एका जुलैत दादा मुंबईहून रजेवर आला तर अण्णांचा टोपी घातलेला फोटो भिंतीवर भिजून लगदा झालेला. नेमका तोच एक फोटो होता आमच्याकडे. दादा ती फ्रेम उतरवता उतरवता म्हणाला, "कोकणात सपाट छप्पर! अण्णांनी घर बांधलं नाही, शकू, तलाव बांधला. हौस, नुसती हौस. आपण निस्तरायचं."

मला ते काळजात लागलं. मी भांडले. पण खरं सांगायचं तर मनातून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दर आगोटीला काहीतरी करायचं. एका वर्षी डांबर ओतलं. एका वर्षी पांढरं रसायन फासलं, त्यावर कंपनीच्या माणसाने दहा वर्षांची शपथ घेतली आणि दुसऱ्या वर्षी त्याचा फोन लागेना. मग चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. पुन्हा डांबर. दरवेळी आधीचं तसंच ठेवून त्याच्यावर नवीन. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय! शेजारी म्हणायचे, "पत्र्याची शेड टाका वरून, सगळे टाकतात." खरंच सगळ्यांनी टाकली. निळे-लाल पत्रे, लोखंडी खांब, खाली वाळत घातलेले कपडे. अण्णांच्या छज्ज्याच्या डोक्यावर पत्र्याची टोपी? मी मेले तरी घालणार नव्हते.

आळी बदलत गेली. आमच्यासारखी सहा घरं होती एके काळी, अण्णांचं बघूनच बांधलेली. कोणाच्या गच्चीच्या कठड्यावर सिमेंटची बोट, कोणाच्या दारावर उगवता सूर्य. त्यांतली चार गेली. तिथे आता सातमजली इमारती आहेत, नावं मात्र 'सागर' अमुक आणि 'कोकण' तमुक, आणि खिडक्यांतून दिसतात एकमेकांची एसीची डबडी. त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. मुलं शिकली, बाहेर गेली, म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी. पण पाडताना मी समोर उभी होते. चिरे फुटत नव्हते. यंत्राने तीन दिवस घेतले तेव्हा कुठे एक भिंत आडवी झाली.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी फाटकातून माझ्या जाळीचे फोटो काढत होती. मला वाटलं बिल्डरची माणूस. मी काठी घेऊनच गेले, "चल, नीघ इथून!" तर ती म्हणाली, "आजी, मी आर्किटेक्चर शिकते. ही जाळी कोणी काढली?" कोणी काढली! ह्या प्रश्नासाठी मी किती वर्षं थांबले होते. तिला आत घेतलं, कोकम सरबत दिलं. ती फरशीवर मांडी घालून बसली, छज्ज्याखाली उभी राहून वर बघत राहिली, गोल खिडकीतून डोकं काढून बघितलं. म्हणाली, त्या काळातल्या घरांचं आता जगभर कौतुक होतंय, तुमच्या घराचं प्रमाण बघा, उजेड बघा, एकही रेष फुकट नाही. जाताना तिने सांगितलं, "आजी, ह्याला दुरुस्त करा, पण बदलू नका." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या जोरावर मी कामं काढली. न्हाणीघरात धरायला कठडे लावले, वायरिंग सगळं नवीन केलं, जाळीला आतून डासांची बारीक जाळी बसवली, ती दिसतसुद्धा नाही. भिंतींना मध्यंतरी मारलेला ऑइलपेंट खरवडून काढला आणि चिरे पुन्हा मोकळे केले. घराने श्वास घेतल्यासारखं वाटलं मला. राहिली गच्ची.

आणि तेवढ्यात दादाचा फोन. घर दोघांच्या नावावर आहे. दादा आता सत्तरीला आलेला, डोंबिवलीला, गुडघे धरलेले. म्हणाला, "शकू, बिल्डर दोन फ्लॅट देतोय. एक तुला, एक मला. किती दिवस बादल्या लावणार आहेस? ह्या पावसात गळलं तर आपण सह्या करायच्या. नाही गळलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवला आणि गवंडी शोधायला लागले. कारण गळणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लांज्याकडचा एक गवंडी मिळाला, जयवंत मिस्त्री. पन्नाशीचा, बोलणं कमी, तंबाखू जास्त. वर आला, चप्पल काढून गच्चीवर इकडून तिकडे चालला, हातोडीच्या दांड्याने ठोकून कान लावला. म्हणाला, "ताई, वर काय लावूचा नाय. आधी काढूचा. किती थर चढवलाव तुमी?" मी म्हटलं, मोजले नाहीत. तो म्हणाला, "सलॅपला काय झाला नाय. त्याच्या डोक्यावर बोजा झालाय."

चार दिवस छिन्नी-हातोडा. घरभर धूळ, माझ्या तोंडात माती. डांबर निघालं, चिनीमाती निघाली, पांढरं रसायन पापडासारखं सुटून आलं, पुन्हा डांबर. पाचव्या दिवशी मिस्त्रीने हाक मारली. मी वर गेले. त्याने एका कोपऱ्यात सगळे थर कापून पायरीसारखे दाखवले. सगळ्यात खाली अण्णांचा जुना कोबा, म्हणजे सलॅबवर घातलेला पक्का थर, करडा, घट्ट, एक भेग नाही. त्याच्यावर एक लाल कोबा.

"ताई, ह्यो लाल कोबा कोणी घातला?" मिस्त्री म्हणाला. "खालच्या कोब्याला ढाळ हाय. बगा." त्याने तांब्याभर पाणी अण्णांच्या कोब्याच्या उघड्या तुकड्यावर ओतलं. ते पाणी वळलं, आणि कोणी ढकलल्यासारखं कोपऱ्यातल्या पन्हळीकडे निघून गेलं. मागे एक थेंब नाही. "काय ढाळ काढलाय वो! बोटभर उतार, डोळ्याला दिसत नाय, पण पाण्याला बरोबर समजतो. ह्या लाल कोब्यानं तो बुजवला. सपाट केला. पन्हळीचा तोंड अर्धा बुजला. मग पानी जाईल कुठे? खाली मुरला. त्याच्यावर तुमी काय पण थापा. ज्याने ह्यो लाल कोबा घातला, त्याने वाट लावली."

मी पदराने तोंडावरची धूळ पुसली. खाई त्याला खवखवे म्हणतात ना.

तो लाल कोबा मी घातला होता.

अण्णा गेल्यानंतरच्या वर्षी. आता ऐका, आणि हसायचं तर हसा. आळीतली पहिली सपाट गच्ची आमची, त्यामुळे मे महिन्यात सगळ्या आळीचं वाळवण आमच्या डोक्यावर. पापड, सांडगे, कोकमाची सालं, आणि आंब्याची साटं. हापूसचा रस ताटांत ओतून उन्हात सुकवायचा, म्हणजे साट. आणि आमच्या गच्चीवर साट कधी सारखं व्हायचंच नाही! रस एका बाजूला सरकायचा. ताटाच्या एका काठाला कागद आणि दुसऱ्या काठाला चप्पल. आळीतल्या बायका हसायच्या, आई वैतागायची. अण्णा होते तोवर म्हणायचे, "गच्ची पावसासाठी आहे, साटांसाठी नाही," आणि आम्ही सोडून द्यायचो. ते गेले. मी नोकरीवाली, घरची कर्ती. मला वाटलं, आईची एवढी एक अडचण आपण दूर करू. गवंडी बोलावला, त्याला सांगितलं, पाणसळीत करून टाक, अगदी सपाट, आणि वर लाल रंग घाल म्हणजे गच्ची छान दिसेल. केवढी मिरवले होते मी! त्या वर्षीची साटं काचेसारखी एकसारखी झाली. आईने सगळ्या आळीला वाटली.

आणि वडिलांनी डोळ्यांत तेल घालून काढलेला उतार मी आंब्याच्या रसासाठी बुजवून टाकला. वर पस्तीस वर्षं छताला बोल लावला. नाचता येईना अंगण वाकडं! अंगण सरळ होतं हो. नव्हे, जितकं वाकडं हवं तितकंच वाकडं होतं. सलॅब पडली त्या आगोटीत अण्णा रोज संध्याकाळी तांब्या घेऊन गच्चीवर का जायचे, पाणी ओतून उकिडवे बसून काय बघायचे, ते मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

मिस्त्रीला मी सांगून टाकलं. तो तंबाखू मळता मळता थांबला. माझ्याकडे बघितलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "ताई, ताटाखाली वायच कौलाची कपची लावली असती तं झाला असता." मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू. तो बापडा पाठ करून कामाला लागला.

दादाला सांगणं भाग होतं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं म्हणा. लाल थर फोडून कचऱ्यात गेला असता, आणि घर गळेनासं झालं असतं. पण मग दादाच्या मनात अण्णा तसेच राहिले असते, हौशी आणि चुकलेले. ते मला सहन होणारं नव्हतं. मी फोन लावला, एका दमात सगळं सांगितलं. मी म्हटलं, "दादा, शिव्या दे, पण बोल." तो म्हणाला, "मी येतो," आणि फोन ठेवला.

आला तो गुडघ्यांना पट्टे बांधून. तोवर लाल कोबा निघाला होता, अण्णांचा कोबा धुऊन, त्याच उतारावर मिस्त्रीने पातळ हात मारून घेतला होता. आता परीक्षा. पन्हळींना बोळे मारायचे, गच्ची पाण्याने भरायची आणि चार दिवस ठेवायची. पुन्हा वैशाख, पुन्हा विहीर तळाला. पंप थोडं थोडं पाणी वर फेकत होता. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत जमल्या. "काकू, पोहायचा तलाव केलात की काय?" मी म्हटलं, "हो, चड्ड्या घालून या!" दादाने माझ्याकडे असं बघितलं, की मला पुन्हा सात वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

चार दिवस दादा मधल्या खोलीत फरशीवर चटई टाकून पडून होता, डोळे छताला लावून. जेवायलाही तिथेच. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मी दारातून बघायची, आत जायचा धीर व्हायचा नाही. घर राहील की जाईल ह्यापेक्षा मला त्याच्या त्या गप्प राहण्याची भीती वाटत होती. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात काळपट दिसलं. पण तो जुन्या ओलीचा डाग निघाला. तिसरा दिवस गेला. चौथ्या दिवशी सकाळी दादाने स्टूल मागितलं. मी ओरडले, "दादा, गुडघे!" त्याने ऐकलं नाही. मी आणि मिस्त्रीने दोन्हीकडून धरलं. त्याने छताला तळवा टेकवला आणि तसाच धरून उभा राहिला. मग खाली उतरून तो तळवा बघितला.

"कोरडं आहे," म्हणाला.

मग जिना चढून वर गेला. एकेक पायरी, कठडा धरून, मला हात लावू देईना. वर जाऊन स्वतःच्या हाताने पन्हळीचे बोळे ओढले. सगळं पाणी धावत निघालं आणि अंगणात कोसळलं. दादा कठड्याला टेकून बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. मी म्हटलं, "दादा, चुकले रे मी." तो म्हणाला, "गप्प बस गो. त्या साटांतली अर्धी दरवर्षी मीच मुंबईला न्यायचो."

त्याच दुपारी बिल्डरचा फोन आला. दादाने माझ्यासमोरच उचलला. कागद तयार आहेत, कधी येताय, असं काहीतरी तिकडून चाललं होतं. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाही हो, द्यायचं नाही." तिकडून बहुधा विचारलं असावं, आणखी कोणी जास्त देतोय का, काही अडचण आहे का. दादा उठून उभा राहिला. गेल्या पस्तीस वर्षांत मी त्याला असं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"अडचण काही नाही," तो म्हणाला. "घर आमच्या वडिलांनी बांधलंय. आणि बरोबर बांधलंय."